दूरच्या विजेचे बोल

पर्जन्यछायेतील कऱ्हाटीत, बारामती-इंदापूरकडे, आकाश बहुधा कोरडे असते. पण ते मुके नसते. दूर कोठे वीज चमकली, की तिच्या रेडिओलहरी हजारो किलोमीटर धावतात. त्यांतील काहींची कंपनसंख्या श्राव्य ध्वनीएवढीच असते. म्हणून निरभ्र रात्री, विद्युततारांच्या घरघरीपासून दूर माळावर, लांब तार, ध्वनिवर्धक व हेडफोन एवढ्यावर हौशी अभ्यासकाला त्या विजेची चटचट ऐकू येते.

पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांना अशाच उतरत्या स्वराच्या शिट्या ऐकू आल्या. केंब्रिजच्या स्टोरी यांनी १९५३ साली त्यांचे कोडे उलगडले. विजेच्याच त्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने अवकाशात जाऊन परतल्या होत्या! खरखर म्हणून टाकून न दिलेल्या आवाजाने अवकाशाचे ज्ञान वाढविले.