शमुवेल : एका नावाची कथा

हिब्रू भाषेत 'एल' म्हणजे देव. दानिएल, यहेज्केल, शमुवेल या नावांच्या शेवटी हाच शब्द आहे. यांपैकी 'शमुवेल' या नावाचा अर्थ मात्र एका वाक्यात सांगता येत नाही.

बायबलमधील कथेनुसार हन्ना ही स्त्री निपुत्रिक होती. तिची लेकुरवाळी सवत तिला सतत टोचून बोले. शिलो येथील मंदिरात हन्नाने रडत प्रार्थना केली आणि मुलगा झाल्यास तो देवाच्या सेवेला देण्याचा नवस केला. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. वृद्ध याजक एलीला वाटले, ही मद्य प्यालेली आहे! पुढे ज्यू धर्मगुरूंनी मनातल्या मनात करावयाच्या प्रार्थनेचे नियम याच प्रसंगावरून घालून दिले.

मुलगा झाला. देवाजवळ मागितला म्हणून त्याचे नाव तिने शमुवेल ठेवले. दूध तुटताच तिने त्याला मंदिरात पोहोचविले. त्यानंतर दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेई.

येथे भाषेची एक अडचण आहे. 'मागणे' या अर्थाचा हिब्रू धातू 'शाअल'. तो जुळतो 'शौल' या नावाशी. आणि शौल म्हणजे शमुवेलाने पुढे ज्याला राज्याभिषेक केला, तो राजा. 'शेम' म्हणजे नाव, म्हणून अनेक अभ्यासक शमुवेलचा अर्थ 'देवाचे नाव' असा करतात. 'देवाने ऐकले' हा अर्थही रूढ आहे. व्याकरण काहीही म्हणो, हन्नाचा अर्थ तिच्या अश्रूंतून आलेला आहे. ज्यू नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात आजही तिची कथा वाचली जाते.

हे नाव कोकणातही पोहोचले. तेथील बेने इस्राएल ज्यू घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून पडली आणि हिब्रू नावांना मराठी वळण आले. शमुवेलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हसाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत होते. सुटका झाल्यास सभास्थान बांधीन, असा नवस त्यांनी केल्याचे सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतील पहिले ज्यू सभास्थान उभारले. त्याचे नाव 'शआर हाराहमीम', म्हणजे दयेचे द्वार. १८६० मध्ये ते मांडवी भागातील सध्याच्या जागी आले. तेथील रस्त्याला सामाजींचेच नाव आहे, पण इंग्रजी वळणाचे : सॅम्युअल स्ट्रीट.