'कॉल ऑफ' म्हणजे फोन येणार नाही!

व्हिडिओत इंग्रजी मेलमधले वाक्प्रचार जरा घाईतच उरकले, इथे नीट सांगतो.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान. सुरुवातीला वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा मेल आला, 'द ऑर्डर इज कॉल्ड ऑफ'. मला वाटलं, कॉल म्हणजे फोन करून कळवतील. बीबीएत हे कुणी शिकवलंच नव्हतं. काम सुरू ठेवलं आणि त्यांचं नाव छापलेले 800 खोके तयार केले. ऑर्डर तर रद्द झाली होती! दुसऱ्याच्या नावाचा खोका कोण घेणार? सगळे अंगावर पडले, शेवटी रद्दीच्या भावात गेले.

'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. पहिल्यात मशीन लगेच थांबवायचं, दुसऱ्यात झालेला माल नीट झाकून ठेवायचा. आता गंमत बघा. पर्चेसवाल्यांकडे 'कॉल-ऑफ' नावाची वेगळीच भानगड असते. वर्षभराची एक मोठी ऑर्डर ठरलेली असते, त्यातून 'या तारखेला एवढे नग पाठवा' असं सांगतात, तो कॉल-ऑफ. म्हणजे एकात माल नको, दुसऱ्यात माल हवा! तारीख आणि नग दिलेले असतील तर बहुतेक माल मागितलाय. तरी शंका आली तर 'कॅन्सल, पोस्टपोन की डिलिव्हरी?' असं सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विचारण्यात कसला आलाय कमीपणा?

'वी विल गेट बॅक टू यू' हा होकार नाही. त्या भरवशावर कच्चा माल भरू नका.

'बॉलपार्क फिगर' मागितली तर ढोबळ आकडा द्या. शब्द बेसबॉलच्या मैदानावरून आलाय. पण 'हा फायनल रेट नाही, जीएसटी वेगळा' हे लिहाच, नाहीतर समोरचा तोच आकडा धरून बसतो.

एका विद्यार्थ्याने माहितीपत्रकात 'वी कट कॉर्नर्स' लिहून आणलं होतं. त्याला म्हणायचं होतं, आम्ही खर्च वाचवतो. अर्थ झाला, आम्ही काम कसंतरी उरकतो! खर्चासाठी 'कट कॉस्ट्स' म्हणा.

आणि पैठणी, हिमरू शाली परदेशी पाठवणाऱ्यांनो, मेलच्या शेवटी 'प्लीज रिव्हर्ट' नको. आपल्याकडे त्याचा अर्थ 'उत्तर द्या' असा घेतात, बाहेर मात्र 'पुन्हा पहिल्यासारखं करा' असा. साधं 'प्लीज रिप्लाय' लिहा.