बांबूच्या वस्तूंचे छोटे दुकान : किंमत कशी ठरवावी?

कोकणात बांधावर व परसात माणग्याची बेटे पुष्कळ ठिकाणी आढळतात. सूप, रोवळी, टोपली, परडी इत्यादी वस्तू विणण्याची कलाही येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु विणणाऱ्या कुटुंबाने माल व्यापाऱ्याच्या हवाली करावा आणि तो देईल ती किंमत घ्यावी, असा प्रकार अनेकदा दिसून येतो. यावर उपाय म्हणून काही कुटुंबे स्वतःचे दुकान काढण्याचा विचार करतात. हा विचार स्तुत्य होय. मात्र केवळ दुकान काढल्याने लाभ होत नाही; तो हिशेबाने होतो.

घरची मजुरी धरावी

समजा, वाहतुकीसह ९० रुपयांस पडलेल्या एका बांबूत तीन टोपल्या होतात. टोपलीमागे बांबूचा खर्च ३० रुपये आला. व्यापारी १५० रुपये देतो. तेव्हा १२० रुपये सुटले, असे विणणारी समजते. परंतु दिवसभरात तिच्या दोनच टोपल्या पुऱ्या होत असतील, तर तिच्या पदरी २४० रुपये पडले. तोच दिवस ती ४०० रुपये रोजाने कामास गेली असती, तर १६० रुपये अधिक मिळाले असते. म्हणजे ज्यास ती नफा मानते, ती वास्तविक तिची अपुरी मजुरी आहे.

आता दुकानाचा हिशेब पाहू. बांबूचे ३० रुपये, मजुरी २०० रुपये, मोडतोड व कीड यांपोटी १० रुपये. दुकानाचे भाडे व दिवाबत्ती मिळून महिन्यास १५०० रुपये लागतात व ५० टोपल्या खपतात असे धरल्यास नगामागे आणखी ३० रुपये. एकूण २७० रुपये झाले. याहून कमी दराने विकणे म्हणजे आपले श्रम फुकट देणे होय.

गिऱ्हाईक एवढी किंमत देण्यास तयार नसेल, तर भाड्याची जागा न घेता प्रथम घराच्या पडवीत किंवा आठवडे बाजारात विक्री करून पाहावी. घरातील एकाने कामट्या काढाव्यात व दुसऱ्याने विणावे. त्यामुळे वेळ वाचतो. थोड्या वेळात होणाऱ्या लहान परड्याही ठेवाव्यात.

मालाची काळजी

वर्षाच्या आतील कोवळा बांबू वाळल्यावर आकसतो व वीण सैल पडते. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडावा. बांबूतील पिष्टावर भुंगेरे पोसतात. म्हणून कामट्या काही दिवस पाण्यात भिजवून सावलीत वाळवाव्यात. सूप व रोवळी यांचा धान्याशी संबंध येतो, सबब त्यांस विषारी औषध लावू नये. पावसाळ्यात बुरशीचे भय असते. माल जमिनीपासून फूटभर उंच फळीवर, हवा खेळती राहील असा मांडावा.

भांडवल व व्यवहार

वनेतर जमिनीवरील बांबू २०१७ सालच्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला आहे. त्यामुळे शेतावरील बेट हेच पहिले भांडवल समजावे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत टोपल्या विणणाऱ्या कारागिरांचा समावेश असून पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. तथापि, महिन्याची विक्री किती होते हे अनुभवाने कळेपर्यंत कर्ज काढण्याची घाई करू नये.

दुकानाचा गल्ला व घरखर्चाचा डबा वेगळे ठेवावेत. घरात नेलेली टोपलीही वहीत लिहावी. उधारी शक्यतो टाळावी. द्यावीच लागल्यास नाव, तारीख व रक्कम त्याच क्षणी नोंदवावी. दर शनिवारी वही पुढे घेऊन, त्या आठवड्याच्या श्रमाचा पुरता रोज पदरी पडला काय, एवढा एकच प्रश्न घरातील सर्वांनी विचारावा. उत्तर होकारार्थी असेल, तरच दुकान वाढवावे.