भाताऐवजी वरी : किती आणि कशी?

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे. तांदूळ बंद करून वरीचा भात दिला तर तो कितीही खाल्ला तरी चालतो, असे शेजारी सांगतात. खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, विटा (जि. सांगली)

उत्तर : ताई, बदल चांगला आहे, पण ‘कितीही’ मात्र नाही. वरीतही १०० ग्रॅममागे सुमारे ६५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. वाटी तेवढीच ठेवा, सोबत डाळ-उसळ आणि भरपूर भाजी द्या. पांढरीशुभ्र वरी पॉलिश केलेली असते, तिच्यातला कोंडा गेलेला असतो. थोडी करडी दिसणारी घ्या. ती मोकळी शिजवा. गिचका भात साखर लवकर चढवतो.

खरे तर तुमच्या दुष्काळी पट्ट्यात, खानापूर-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत, ज्वारी-बाजरीची भाकरी हेच रोजचे जेवण होते. रात्री भाताच्या जागी तीच एक भाकरी द्या, नवे काही शिकायला नको! जावळी-पाटणकडची नाचणीही उत्तम. तिच्यात १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र पातळ, गोड आंबील नको, भाकरी बरी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात वरीचे पीठ साठवू नका. ओल लागून बुरशी येते आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. धान्य निवडून, लागेल तेवढेच दळा.

गोळ्या स्वतःहून कमी करू नका. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, म्हणजे त्यांना काय मानवते ते आठवड्यात कळेल.