शेवटचे नीट कधी दिसले?

नवरात्रातली पाचवी माळ होती. मत्स्योदरी देवीच्या डोंगराकडे पहाटेपासून रीघ लागलेली, आमच्या दारावरून बाया अनवाणी दर्शनाला चाललेल्या. साडेसहाला ह्यांनी अंगणातून "चहा झाला का?" म्हणून विचारलं, अगदी स्पष्ट. दहा मिनिटांनी मी कप हातात दिला, तो उजव्या हातातून सुटला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. शब्द जड झाले आणि मग शब्दच येईनात.

आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. पाहताक्षणी मला कळलं होतं. तरी मी पहिला फोन १०८ ला केला नाही. जालन्याला दिराला केला, मग भावाला, मग नणंदेला. तिघांना तेच तेच, रडत रडत, आणि प्रत्येकाला थोडं वेगळं. शेजारच्या मुलाने १०८ लावला तेव्हा सात वाजून गेले होते.

गाडीतल्या डॉक्टरांनी जालन्याला न्यायचं ठरवलं. दीर दवाखान्याच्या दारातच उभे होते. ह्यांना आत नेलं आणि माझा फोन वाजायला लागला. मावससासू, चुलत जाऊ, ह्यांचे मित्र. लोक काळजीने विचारतायत, न उचलून कसं चालेल, असं वाटून मी व्हरांड्यात उभी राहून सगळ्यांना सांगत बसले. आत डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट शेवटचे नीट कधी दिसले?" दीर म्हणाले, "रात्रीपासूनच बरं नव्हतं, वहिनींनी सांगितलं." मी फोनवर म्हटलं होतं खरं, की रात्री थकलो थकलो म्हणत होते. थकवा म्हणजे लकवा नव्हे, पण त्या गडबडीत दिरांनी तरी फरक कसा करावा?

या एका प्रश्नावर किती अवलंबून असतं, ते मला नंतर समजलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी सिटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करतात, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध जिवावर बेतेल. हे साडेचार तास मोजतात माणूस शेवटचा नीट दिसला त्या वेळेपासून. रात्रीपासून म्हटलं की ते संपलेच. डॉक्टर आमच्या सांगण्यावरच चालणार, त्यांचं काही चुकलं नाही.

पंचवीस मिनिटांनी मी आधार कार्ड द्यायला आत गेले आणि "वेळ निघून गेलीय" हे शब्द कानावर पडले. "अहो, साडेसहाला माझ्याशी बोललेत ते!" मी ओरडलेच. साडेनऊला इंजेक्शन दिलं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्या पंचवीस मिनिटांचा हिशेब मी आजही करते.

म्हणून हात जोडून सांगते: तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं की आधी १०८. मग घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ कागदावर लिहा. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने डॉक्टरांजवळून हलायचं नाही. रक्तदाबाच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत घ्या. फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. सगळ्या नातेवाइकांना तासाभराने कळलं तरी चालतं.

आमच्याकडे ते काम मग मुलीने घेतलं. ती पुण्यात होती, रात्रीच्या गाडीने यायची होती, पण फोन तिच्याकडेच ठेवला. रोज दोनदा, डॉक्टरांची फेरी झाल्यावर सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला, ती एकच निरोप सगळ्यांना पाठवायची. "बाबांना काल सकाळी लकव्याचा झटका आला. जालन्यात अतिदक्षता विभागात आहेत. शुद्धीवर आहेत, उजवा हात हलत नाही, बोलता येत नाही. आज भेटायला येऊ नका. पुढचं सातला कळवते." शेवटच्या वाक्याने फोन जितके थांबले तितके कशानेच थांबले नाहीत. फोटो मात्र कुणालाच काढू दिला नाही.

एक गोष्ट त्या निरोपात राहिली. नणंद देवीचं तीर्थ घेऊन आली आणि मायेने चमचा ह्यांच्या ओठांना लावला. नर्स धावली. लकव्यात गिळणं बिघडतं, पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नणंदेला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिने मग अंगारा कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशीच्या निरोपात पहिली ओळ होती: तोंडाने काहीही देऊ नका.

सासूबाईंच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त चुकले. त्या घनसावंगी तालुक्यात, गावाकडे. वय झालेलं, नवरात्राचे उपवास. "बीपी वाढलंय जरा" एवढंच आम्ही सांगितलं. तिसऱ्या दिवशी गावातली एक बाई त्यांच्या गळ्यात पडून रडली. झालं, आपला मुलगा गेला आणि आपल्यापासून लपवतायत, असंच त्यांनी धरलं. मला फोन केला. "खोटं बोलू नको. त्याचा आवाज ऐकव." आणि आवाजच तर नव्हता! मी काय ऐकवणार होते? त्या दिवसभर त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. संध्याकाळी दीर जाऊन त्यांना घेऊन आले. त्या खाटेशी बसल्या, ह्यांचा डावा हात हातात घेतला, ह्यांनी तो दाबला. मग त्यांनी पाणी मागितलं. म्हाताऱ्या माणसाला खरं सांगा, घरातल्या माणसाने समोर बसून सांगा, आणि पहिल्याच दिवशी सांगा.

आणि खाटेवरच्या माणसाला? चार दिवस त्यांच्या उशाशी सगळे बोलत होते: आता दुकानाचं कसं, मोसंबीला पाणी कोण देणार, "काही राहिलं नाही हो." वाचा शिकवणाऱ्या ताई आल्या तेव्हा म्हणाल्या, बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नसतं, ह्यांना पुष्कळ समजतंय. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी का यायचं ते मला तेव्हा उमगलं. अख्ख्या भावकीला कळवलं होतं, ज्यांना झालं त्यांनाच कुणी काही सांगितलं नव्हतं. मी खुर्ची जवळ ओढली. "आज बुधवार. आपण जालन्यात आहोत. तुमच्या मेंदूत गुठळी झाली होती, म्हणून हात हलत नाही. इंजेक्शन दिलंय. कळलं तर हात दाबा." छोटी छोटी वाक्यं, मध्ये थांबून. त्यांनी हात दाबला आणि बराच वेळ सोडला नाही. तिथून पुढे रोज सातचा निरोप आधी त्यांना वाचून दाखवायचा आणि मगच पाठवायचा, असं आम्ही ठरवलं.

आता घरी आहोत. काठीने अंगणापर्यंत जातात, थोडे शब्द परतलेत. संध्याकाळी सातला सासूबाईंचा फोन येतो. हे "आई" म्हणतात. मग त्याच बोलत राहतात: विहिरीला किती पाणी आहे, कुणाची गाय व्याली, पांदीचा रस्ता कुठवर झाला.