संदर्भलेखन : संशोधनाच्या विश्वासार्हतेचा पाया

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये बंगळूरु येथे भारतीय सांख्यिकी संस्थेअंतर्गत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली. माहितीची शास्त्रशुद्ध नोंद करून ती संशोधकास त्वरेने उपलब्ध करून देणे, हा प्रलेखनाचा गाभा होय. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांपैकी चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचविण्याचा आहे. शोधनिबंधातील संदर्भलेखनासही हीच कसोटी लागू पडते. संदर्भ वाचून मूळ स्रोत विनासायास सापडला, तरच तो संदर्भ परिपूर्ण म्हणता येईल.

संदर्भ कशासाठी?

पूर्वसूरींच्या श्रमाचे श्रेय त्यांना देणे आणि निष्कर्षांची पडताळणी शक्य करणे, ही संदर्भाची दोन प्रमुख कार्ये आहेत. अर्थशास्त्रात दुसरे कार्य विशेष महत्त्वाचे ठरते. २०१३-१४ या वर्षाचा भारताचा आर्थिक वृद्धिदर २००४-०५ या आधारवर्षाच्या मालिकेनुसार ४.७ टक्के होता. जानेवारी २०१५ मध्ये २०११-१२ हे आधारवर्ष स्वीकारण्यात आले आणि मोजमापाची पद्धतही बदलली. त्यानंतर त्याच वर्षाचा दर ६.९ टक्के असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे आधारवर्ष व प्रकाशनाची तारीख न देता उद्धृत केलेला वृद्धिदर वाचकाची दिशाभूल करू शकतो.

स्रोताची आवृत्तीही नोंदवावी लागते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये दोन भागांत आणि त्याच वर्षी पुस्तकरूपानेही प्रसिद्ध झाला. दोन्हींतील पृष्ठांक वेगळे असल्याने प्रत्यक्ष वाचलेल्या रूपाचाच उल्लेख करणे आवश्यक ठरते.

प्रमुख शैली

सामाजिक शास्त्रांत प्रचलित असलेल्या एपीए शैलीत मजकुरातच लेखकाचे आडनाव व वर्ष दिले जाते. उदाहरणार्थ, (दांडेकर व रथ, १९७१). भाषा व साहित्याच्या अभ्यासात रूढ असलेल्या एमएलए शैलीत आडनाव व पृष्ठांक येतो. शिकागो शैलीत तळटिपांची आणि लेखक-वर्षाची, अशा दोन्ही पद्धती आहेत. कोणतीही शैली निवडली, तरी ती संपूर्ण निबंधात एकसारखी पाळावी.

व्यवस्थापन

झोटेरो, मेंडेले यांसारख्या संगणक प्रणाली संदर्भ साठवितात व हव्या त्या शैलीत सूची तयार करतात. मात्र मूळ नोंदीत वर्ष वा लेखकाचे नाव चुकले असेल, तर ती चूक सूचीतही उतरते. म्हणून प्रत्येक नोंद मूळ स्रोताशी ताडून पाहावी.

नियमांची चौकट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शोधप्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्के साम्यासाठी एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई होते, तर ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची या तपासणीतून वगळली जाते.

संदर्भलेखनाच्या शैली व संशोधनाची नीतिमत्ता हे घटक राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमातही समाविष्ट आहेत. विद्यार्थ्यांनी टिपणे काढतानाच लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष व पृष्ठांक नोंदविण्याची सवय लावून घेतल्यास परीक्षेची तयारी आणि पुढील संशोधन, दोन्ही सुकर होतील.