महाविद्यालयाचा कार्बन-हिशेब

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात पाड्यांवर पाणीटंचाई असते. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्यात येथील महाविद्यालयांना मोलाचा वाटा उचलता येईल.

प्रथम वर्षाचा हिशेब मांडावा. एक लिटर डिझेल जळाल्यास सुमारे २.७ किलो, तर १४.२ किलोचा गॅस सिलिंडर संपल्यास सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. हे उत्सर्जन काटकसरीने व सौरशक्तीने घटवावे; उरलेल्यापुरताच वृक्षारोपणाचा आधार घ्यावा. १,००० चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. ते साठविले व जिरविले, तरच लावलेली रोपे मे महिन्यात तग धरतील.